'स्कँडिनेव्हियन' स्टूल की 'नॉर्डिक'?

प्रश्न : वास्तुकार आल्व्हार आल्टोच्या तिपायी स्टुलावर लिहिताना मी 'स्कँडिनेव्हियन फर्निचर' असा शब्द वापरला. मुद्रितं तपासणाऱ्या मैत्रिणीने तिथे 'नॉर्डिक' केलं. दोन्ही एकच ना?

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन. आल्टो फिनलंडचा, फिनलंड-आइसलँड धरले की नॉर्डिक. फिनलंडची मुख्य भाषाही त्या तिघांच्या कुळातली नाही. मराठी-कन्नड कसे, शेजार जुना आणि कूळ वेगळं.

तुमची चूक मात्र जुनी आहे. १९५४ ते १९५७ मध्ये 'डिझाइन इन स्कँडिनेव्हिया' हे प्रदर्शन अमेरिका-कॅनडात फिरलं, त्यात फिनलंडच्याही वस्तू होत्या. सोव्हिएत युनियनला खेटून असलेल्या त्या देशाला या पंगतीत बसणं मोलाचं वाटलं असणार, असं मला वाटतं.

पण परदेशात रुळलेल्या या नावाखाली एकेका देशाचं वेगळेपण झाकलं जातं. डेन्मार्कचा फर्निचर डिझायनर हान्स वेग्नर याची १९४९ ची खुर्ची घ्या. त्याच्या लेखी ती नुसती 'गोल खुर्ची'. अमेरिकेने तिला 'द चेअर' केलं, आणि १९६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या केनेडी-निक्सन वादचर्चेत ती टीव्हीवर दिसली. तिची पाठ जवळून बघा. लाकूड अखंड वाटतं, पण दोन्ही हातांची बोटं गुंफावीत तसे तुकडे एकमेकांत बसवलेत. सुरुवातीला हा सांधा वेत गुंडाळून झाकलेला असे. पुढे वेग्नरने तो उघडा ठेवला. तो स्वतः सुतारकाम शिकलेला होता. डेन्मार्क ज्या कारागिरीला आपली ओळख मानतो, ती त्या सांध्यात दिसते. 'स्कँडिनेव्हियन लूक' म्हटल्यावर डोळ्यांपुढे फक्त पांढऱ्या भिंती येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून देश माहीत असेल तर देशाचंच नाव लिहावं.

प्रश्न : मग 'फिनिश स्टूल' लिहू?

उत्तर : नको, वाचणाऱ्याला पॉलिशचं फिनिश वाटेल. 'फिनलंडचं स्टूल' लिहा. आणि लाकूड बर्चचं आहे हे जरूर सांगा. १९३३ च्या त्या स्टुलाची सगळी गंमत पायात आहे : सरळ पट्टीला वरच्या टोकाशी उभ्या चिरा पाडायच्या, त्यांत पातळ फळ्या सरस लावून सरकवायच्या आणि तेवढाच भाग काटकोनात वाकवायचा. बर्च हे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचं भाऊबंद. 'बर्च' आणि 'भूर्ज' हे शब्दही एकाच मुळातून आलेत.