सुपर कॉरिडॉरवरची ऑफिसं: चूक काचेची की अंतराची?

रामबागकर
आमचं ऑफिस इंदूर शहरातून सुपर कॉरिडॉर या शहराबाहेरच्या रुंद रस्त्याकडे हललं, त्याला हा दुसरा उन्हाळा. माझी खुर्ची पश्चिमेच्या काचेलगत. दुपारी तीननंतर टेबलाची कड हाताला चटका देते. आमच्या रांगेतल्या सगळ्यांनी काचेवर खोक्यांचे पुठ्ठे चिकटवलेत आणि भर दुपारी दिवे लावून बसतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आत शिरल्यावर पडदा ओढला तर तिरीप जाते, उष्मा खोलीतच राहतो. वास्तुकार एरो सारिनेन यांनी अमेरिकेत मोलीनला जॉन डीअर या ट्रॅक्टरच्या कंपनीचं मुख्यालय आखलं, ते १९६४ मध्ये उघडलं. गावाबाहेर, झाडीत, तळ्याकाठी. तिथे काचेपुढे पोलादी पट्ट्या आहेत, आणि पोलाद असं की वर धरलेला गंजच आतल्या धातूला राखतो. आमची आजी गॅलरीत बाहेरून चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, सोडायची, तीच युक्ती.

राजेंद्रनगरची
काका, काचेचं पटलं, पण मूळ दुखणं अंतराचं आहे. त्याच सारिनेनची न्यू जर्सीतली होम्डेलची बेल लॅब्ज घ्या, टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा, १९६२ ची. आजूबाजूला मोकळी जमीन, बाहेरून आरशासारखी काच, काचेलगत नुसत्या जाण्यायेण्याच्या वाटा आणि खोल्या आत, बिनखिडकीच्या. हजारो माणसं तिथे राबत होती. कंपनीने गाशा गुंडाळला आणि एवढा डोलारा ओस पडला. वस्तीत असता तर दुसरं कुणी लगेच आलं असतं. माझे रोज दोन तास रस्त्यात जातात. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली खरी, पण गांधीनगरपासून सुपर कॉरिडॉरवरच. आमच्या राजेंद्रनगरच्या बाजूला तिचा काय उपयोग?

रामबागकर
ताई, होम्डेलची गोष्ट तिथे संपत नाही. ती इमारत पाडली नाही. मधला काचेच्या छपराचा लांबलचक चौक आता बाजारपेठेसारखा वापरतात. दुकानं, ऑफिसं, सार्वजनिक वाचनालयसुद्धा आहे. आतली आखणी चांगली होती, म्हणून दुसऱ्या कामाला आली. (सारिनेन १९६१ मध्येच गेले, दोन्ही इमारती पुऱ्या झालेल्या त्यांना बघायला मिळाल्या नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.)

साइटवरचा
मी बांधकामातला. पश्चिमेला छज्जा काढून भागत नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जाखालून थेट आत. तिथे उभ्या पट्ट्याच हव्यात. आडवा छज्जा दक्षिणेला चालतो. पण पट्ट्यांवर धूळ बसते, कबुतरं घरटी करतात, आणि त्या पुसायच्या कुणी? मालक फुटाचा भाव विचारतो, विजेचं बिल भाडेकरू भरतो. म्हणून नुसती काच लागते.

रामबागकर
बिल आमची कंपनी भरते, हे बरं लक्षात आणून दिलंत. सोमवारी तोच आकडा घेऊन साहेबांकडे जातो आणि निदान आमच्या मजल्याला बाहेरून चिक मागतो.

राजेंद्रनगरची
मागा, माझी सही घ्या. पण त्या अर्जात बसचंही लिहा, काका. चिक लागले तरी मला आठला घर सोडावंच लागणार.