पंचवटीत व्हीलचेअर नेताना

ताई, सासूबाईंना व्हीलचेअरवर पंचवटी दाखवता येईल का विचारलंत, तर गेल्या दिवाळीत आमच्या बाबांना नेलं होतं त्यावरून सांगतो. सीतागुंफा सोडाच, तिथे धडधाकट माणूसही वाकून सरकत जातो. काळारामला पायऱ्या, बाबांनी बाहेरूनच हात जोडले. रामकुंड वरून बघा, खाली घाटाच्या पायऱ्या न् ओल. मुक्कामाला जिथे उतरलो तिथले लोक आधी फोनवर "रॅम्प आहे ना साहेब" म्हणाले, बघतो तर घसरगुंडी! एक फूट चढायला निदान १२ फूट लांब रॅम्प लागतो, म्हणून फोटोच मागवा आणि बाथरूमचं दारही मोजायला सांगा, आमची चेअर २६ इंच अन् दार २४, मग काय, उचलूनच न्यावं लागलं. आणि सकाळी लवकर जा, नंतर पंचवटीतल्या गर्दीत चेअर वळवायलाही जागा उरत नाही.