कृष्णाभ्रकाच्या रसायनावरून ग्रॅनाइटचे मूळ ठरवावे का?

सड्यावरून :
दक्षिण सिंधुदुर्गात काळवत्रीचे (बेसॉल्टचे) थर विरळ होत जातात आणि त्यांच्याखालचे जुने ग्रॅनाइट व नाइस (रूपांतरणाने झालेला पट्टेदार खडक) ठिकठिकाणी उघडे पडतात. त्यांचे मूळ ठरवताना संपूर्ण खडकाच्या पृथक्करणापेक्षा त्यातील कृष्णाभ्रकाच्या (बायोटाइट या काळ्या अभ्रकाच्या) रसायनावर अधिक विसंबावे, असे माझे ठाम मत आहे. चॅपेल आणि व्हाइट या भूवैज्ञानिकांनी १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रॅनाइटांवरून ‘आय’ (अग्निजन्य खडक वितळून झालेला) आणि ‘एस’ (गाळाचा खडक वितळून झालेला) असे प्रकार मांडले. ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे) चुना, सोडा व पोटॅश (कॅल्शियम, सोडियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडे) यांच्या बेरजेशी रेणू-गुणोत्तर १.१ च्या वर गेल्यास ‘एस’, ही त्यांची एक कसोटी होती.

आपल्याकडच्या पावसात ती फसते. कुडाळजवळच्या एका विहिरीच्या खोदकामातून मी दोन तुकडे आणले. वरच्या तुकड्यातले फेल्डस्पार (ग्रॅनाइटमधले मुख्य फिकट खनिज) पांढरे पडून नखाने उकरत होते, तर तळचा तुकडा हातोडीला दाद देत नव्हता. फेल्डस्पार कुजताना चुना आणि सोडा पाण्याबरोबर निघून जातात, ॲल्युमिना मागे राहते, आणि एकाच खडकाचा वरचा भाग ‘एस’ व तळचा भाग ‘आय’ ठरतो. कृष्णाभ्रकाचा मात्र ताजा कण निवडून तेवढाच तपासता येतो.

तळखडक :
आपले निरीक्षण मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. कुजण्यात कृष्णाभ्रक फेल्डस्पारच्या मागे राहत नाही. त्याच्या पत्र्यांमधले पोटॅशियम लवकर सुटते आणि कडांवर हिरवट क्लोराइट हे खनिज तर त्याआधीच, खडक थंड होताना, तयार झालेले असते. त्याहून मोठी अडचण नाइसची आहे. ज्या खडकाचे रूपांतरण झाले, त्यातले कृष्णाभ्रक त्या तापमान-दाबाला नव्याने स्फटिकलेले असते. ते शिलारसाची (मॅग्माची) नव्हे, रूपांतरणाची साक्ष देते.

चिरेखाण :
मला झिरकॉन हे टणक खनिज अधिक विश्वासार्ह वाटतो. जांभ्यापर्यंत कुजलेल्या खडकातही तो टिकतो आणि ‘एस’ ग्रॅनाइटमध्ये मूळ गाळातले जुने गाभे त्याच्या आत सापडू शकतात.

सड्यावरून :
झिरकॉनविषयी वाद नाही. पण ते विश्लेषण खर्चिक आहे आणि कृष्णाभ्रक पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकासाठी घासून पातळ केलेल्या खडकाच्या चकतीत) सहज हाती लागते. नाइसचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो : पट्टेदार खडक या पद्धतीतून वगळलेच पाहिजेत. ताजेपणासाठी पोटॅशची चाळणी आहे. ताज्या कृष्णाभ्रकात ते साधारण ९ टक्के असते, क्लोराइटमध्ये जवळजवळ नसतेच, त्यामुळे कमी पोटॅशचे विश्लेषण-बिंदू आधीच गाळावेत. उरलेल्यांसाठी अब्देल-रहमान यांची १९९४ ची आकृती आहे, जी लोह, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांवरून शिलारसाच्या प्रकारानुसार तीन क्षेत्रे वेगळी करते.

तळखडक :
त्याच आकृतीवर माझा शेवटचा आक्षेप आहे. शिलारसात ऑक्सिजन मुबलक असेल तर लोह मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजात जाते आणि कृष्णाभ्रक मॅग्नेशियमने समृद्ध होते. मग बिंदू सरकतो तो मुळामुळे नव्हे, ऑक्सिडीकरणामुळे.

सड्यावरून :
हे केवळ कृष्णाभ्रकाच्या आधारे सोडवता येणार नाही, हे खरे. इशिहारा यांनी १९७७ मध्ये ग्रॅनाइटांच्या मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट (लोह-टायटॅनियमचे खनिज) अशा दोन मालिका केल्या, त्यासाठी साधा हातचुंबकही उपयोगी पडतो. यापुढे प्रत्येक नमुन्यावर आधी चुंबक धरून ती नोंद बिंदूसोबत देईन, आणि दोन मालिकांचे बिंदू एका आकृतीत मिसळणार नाही.