घरामागच्या परसासाठी टिलर (माती खणणारं यंत्र): ५२ सीसी की ७ एचपी?

परसू_डिचोली: परसात ३०० चौरस मीटर जागा, जांभ्याची तांबडी माती, मधे चार माड. पाऊस सरला की तांबडी भाजी, मिरची, अळसांदे (चवळीचा प्रकार) घालायचे आहेत. दुकानात ५२ सीसी टू-स्ट्रोक आणि ७ एचपी फोर-स्ट्रोक दाखवतात. कोणता घेऊ?

कुळागरी: एचपी नंतर बघा, आधी चार ठिकाणी पहार मारा. वीतभर खाली चिरा (जांभा दगड) लागत असेल तर कुठलाच टिलर नको, माती आणून वाफे उंच करा.
माती खोल असेल तर: ५२ सीसी हलका, त्यामुळे सुकलेल्या जांभ्यात पाती रुतत नाहीत, यंत्र नुसतं उड्या मारतं. खणलेल्या वाफ्यात शेणखत मिसळायला मात्र उत्तम. कोऱ्या जमिनीला ७ एचपीच, पण त्याचं वजन ८० किलोच्या आसपास असतं. मेरेवर (बांधावर) चढवायला दोघे लागतील. फाटकाची रुंदीही मोजा.

मिस्त्री_फोंडा: रिव्हर्स गियर असलेलाच घ्या, नाहीतर कुंपणाशी वळवताना हात दुखून येतील. कडेची पाती काढून रुंदी कमी करता येते का, सुटी पाती जवळपास मिळतात का, हेही विचारा. जांभ्याच्या खड्यांनी पाती लवकर झिजतात.
एका दमात खोल जाऊ नका. पहिला फेर ५ ते ७ सेंमी, दुसरा १२ ते १५. खोली मागच्या दांड्याने ठरते. दांडा वर राहिला तर यंत्र पुढे पळतं.

परसू_डिचोली: माडाच्या बुंध्यापर्यंत नेला तर?

कुळागरी: मुळीच नको. अन्न घेणारी मुळं बहुतेक बुंध्यापासून २ मीटरच्या आतच असतात. माडाभोवतीची आळी कुदळीनेच करा.
ओल बघा: मुठीत दाबलेला गोळा बोटाने फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर थांबा. ओल्यात फिरवलं की पात्यांखालचा थर घट्ट होतो, वर ढेकळं वाळतात.

मिस्त्री_फोंडा: नवं फोर-स्ट्रोक इंजिन बहुधा ऑइलशिवाय येतं. सपाट जागेवर ठेवून खुणेपर्यंत भरा, मगच दोरी ओढा. पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेत पाणी ओढतं, मग जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) तुंबतो.

मेरशीकर: वर्षातून एकदाच नांगरायचं तर विकत कशाला? पहिली खणती भाड्याच्या ७ एचपीने करून घ्या, पुढच्या तणाला ५२ सीसी पुरे. घ्यायचाच असेल तर बिल करण्याआधी कृषी कार्ड (गोव्यात कृषी खातं शेतकऱ्याला देतं ते) घेऊन विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी करा.