मदत हवी आहे: नववीला शीतयुद्ध, 54 मुलं, वाचनात जमीन-अस्मानाचा फरक

घणसोली_शिक्षिका

राज्य मंडळ, मराठी माध्यम. नववी राज्यशास्त्राचं पहिलं प्रकरण, महायुद्धोत्तर राजकीय घडामोडी. 35 मिनिटांच्या सहा तासिका हाताशी आहेत. दहा-बारा मुलं पुस्तकापलीकडचं विचारतात, पंधराएक जणांना परिच्छेद सलग वाचता येत नाही. सोपी आणि अवघड अशा दोन कार्यपत्रिका दिल्या तर सोप्या कागदावरची मुलं नुसत्या जोड्या लावतात. लढाई झाली नाही तरी युद्ध का म्हणायचं, इथपर्यंत ती पोहोचतच नाहीत. प्रोजेक्टर नाही, झेरॉक्स मोजून मिळतात. काय करावं?

खडू_फळा, ठाणे

मॅडम, प्रश्न सगळ्यांना एकच द्या, मदत कमी-जास्त करा. आणि सगळं प्रकरण सारखं ताणू नका. नाटो (अमेरिकेच्या बाजूचा लष्करी गट) 1949, वॉर्सा करार (सोव्हिएत बाजूचा लष्करी गट) 1955, स्पुटनिक (सोव्हिएतचा पहिला कृत्रिम उपग्रह) 1957 हे फळ्यावर एका कालरेषेत पंधरा मिनिटांत होतं. क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगाला मात्र पूर्ण दोन तासिका द्या.

सहा-सहाचे नऊ गट करा. एका ए-फोर कागदावर सहा पट्ट्या बसतात, म्हणजे नऊ झेरॉक्समध्ये काम भागतं. ऑक्टोबर 1962 च्या पट्ट्या अशा:

16: क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ उभे राहत असल्याची हवाई छायाचित्रं अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दाखवली गेली.
22: केनेडींनी दूरचित्रवाणीवरून नाकेबंदी जाहीर केली.
24: नाकेबंदी लागू झाली.
27: अमेरिकेचं यू-2 टेहळणी विमान क्यूबावर पाडलं गेलं, वैमानिक ठार झाला.
28: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह क्षेपणास्त्रं काढून घ्यायला तयार झाले.
सहावी, बिनतारखेची: तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं हटवण्याचं अमेरिकेने गुप्तपणे कबूल केलं होतं.

पहिल्या तासाला फक्त पहिल्या दोन पट्ट्या वाटा. प्रश्न: थेट हल्ला न करता नाकेबंदी का? फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'हल्ला केला असता तर ___, म्हणून ___' हा सांगाडा आणि नाकेबंदी, तळ, टेहळणी या शब्दांचे अर्थ लिहून ठेवा. ज्याला लागेल तो बघेल, कुणाच्या कागदावर 'कच्चा' असा शिक्का नको. ज्यांचं लवकर होतं त्यांना तेच ख्रुश्चेव्हच्या बाजूने मांडायला सांगा.

दुसऱ्या तासाला 24 आणि 27. विमान पडलंय, आता काय करायचं? गटाचा निर्णय वहीत लिहून झाल्यावरच 28 ची पट्टी द्या. शेवट आधी कळला की विचार थांबतो, हा धडा फसतो तो इथेच. तुर्कस्तानची पट्टी अगदी शेवटी. तोवर वर्ग 'रशिया घाबरला' असं म्हणत असतो. ती वाचल्यावर आधीचं उत्तर खोडायला लावू नका, खाली नवीन लिहायला सांगा.

अंतराचा अंदाज यावा म्हणून: क्यूबा ते फ्लोरिडा सुमारे 145 किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई-पुणे रस्त्याइतकं.

इतिहास_ताई, कळवा

पट्ट्यांची कल्पना चांगली आहे, पण 'वाचता येत नाही' आणि 'कळत नाही' यांची गल्लत होऊ देऊ नका. पट्टी मोठ्याने वाचून दाखवा आणि तोंडी विचारा. ऐकून नीट उत्तर आलं तर त्या मुलाला सोपा प्रश्न नको, शेजारी वाचून दाखवणारं कुणीतरी हवं. ऐकूनही अडलं तर बहुधा नकाशा कळलेला नसतो.

बर्लिनमध्ये हे हमखास होतं. भिंत दोन जर्मनींच्या सीमेवर होती असं हुशार मुलंही लिहितात. आधी पूर्व जर्मनी काढा, तिच्या पोटात बर्लिनचा ठिपका, मग पश्चिम बर्लिनभोवती बंद कडं. 1948-49 ची सोव्हिएतांनी केलेली पश्चिम बर्लिनची कोंडी सोडवायला माल विमानाने का न्यावा लागला, ते या चित्राशिवाय कळत नाही.

घणसोली_शिक्षिका

दोघांचेही आभार. अलिप्ततावादाला कसं जोडू? तिथे मुलं 'कुणाचीच बाजू न घेणं' एवढंच पाठ करतात.

खडू_फळा, ठाणे

जवळची दोन ठिकाणं घ्या. पवईची आयआयटी 1958 ची, तिला युनेस्कोमार्फत सोव्हिएत मदत होती. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 चं, अमेरिकेच्या मदतीने उभारलेलं. तारापूर 2014 पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. दोन्ही नकाशावर दाखवून विचारा: मग भारत कुणाच्या गटात? 'दोघांकडून घेतलं, पण लष्करी गटात गेला नाही' हे मुलं स्वतःच म्हणतात. पुढे विचारा, अशा मदतीची किंमत काय? 1974 च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या अमेरिकी इंधनात अडचणी आल्या, हे उदाहरण तिथे द्या.

इतिहास_ताई, कळवा

आणि 16 ते 28 च्या पट्ट्यांमध्ये 20 ऑक्टोबर 1962 ही तारीख कोरी ठेवा. त्या दिवशी चीनने भारतावर हल्ला केला. ती पट्टी मुलांनाच भरू द्या.