विमानात आधी कोण चढणार? गेटवरचे ग्रुप, झोन आणि रांगा : तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेत डोमेस्टिक फ्लाईटने फिरणाऱ्यांना हा क्रम पाठच झाला असेल. आधी व्हीलचेअरवाले आणि ज्यांना चढायला वेळ लागतो ते, मग ड्युटीवरचे सैनिक, तान्ही पोरं असलेले, मग फर्स्ट क्लास, मग सोनं-प्लॅटिनम-हिरा असली नावं असलेले मेंबर, मग त्या कंपनीचं क्रेडिट कार्ड असलेले, आणि सगळ्यांचं आटोपलं की बेसिक इकॉनॉमी, म्हणजे आपण. अमेरिकन एअरलाइन्सचे 9 ग्रुप आहेत, डेल्टाने 2024 मध्ये झोनची नावं काढून सरळ 1 ते 8 आकडे दिले. सीट नंबर तर पासवर छापलेलाच असतो, विमान कुणाला सोडून जात नाही, मग आधी चढायची एवढी घाई कशाला? तर वरच्या कप्प्यासाठी. 2008 साली अमेरिकनने पहिल्या चेक-इन बॅगेलाच 15 डॉलर लावले, बाकीचे पाठोपाठ आलेच, आणि तेव्हापासून जो तो संसार केबिनमध्ये घेऊन चढायला लागला. कप्पे तेवढेच, बॅगा दुप्पट. आता तो कप्पाच हळूहळू विकायला काढलाय असं माझं मत झालंय, फक्त त्याला प्रायॉरिटी बोर्डिंग म्हणतात.

तर तुमचे अनुभव लिहा, भारतातले, परदेशातले, चांगले वाईट सगळे. भांडणं झाली असतील तर आधी लिहा.

पुणे-दिल्ली-पुणे

माझा जॉब असा की महिन्याचे निम्मे सोमवार पहाटे एअरपोर्टवर. कंपनीने प्रायॉरिटीवालं तिकीट काढून दिलेलं असतं त्यामुळे मला आधी सोडतात. आता गंमत ऐका. गेटला एरोब्रिज, म्हणजे थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा बोगदा नाही, बस आहे. मी आधी, म्हणजे बसमध्ये आधी. बसायला सीट मिळते, मी आत सरकून ऐटीत बसतो, मग पंधरा मिनिटं बस भरत राहते, शेवटी तो एक धावत आलेला, हातात सामोसा आणि कानाला फोन, तो दाराला चिकटून उभा राहतो आणि बस विमानापाशी थांबली की दार उघडून तोच पहिला शिडीवर! मी प्रायॉरिटीवाला सगळ्यात शेवटी, कारण मी सगळ्यात आत. पैसे मोजून मागे राहायची सोय आहे ही.

आता मी बसमध्ये बसतच नाही. ज्या बाजूला दार उघडणार त्या बाजूला खांबाला धरून उभा राहतो. आणि पासवर पुढची शिडी की मागची ते बघून ठेवा, निम्मे लोक ते वाचत नाहीत, 24 नंबरवाला पुढून चढतो आणि मग आत समोरासमोर ट्रॅफिक जाम.

खिडकीवाली

बसचं अगदी खरंय 😂 आमच्याकडे तर ह्यांनी बसच्या दारातली जागा सुद्धा आधी हेरून ठेवलेली असते.

ग्राउंड स्टाफ, माजी

मी काही वर्षं गेटवर होते, कंपनीचं नाव लिहीत नाही. वरच्या प्रतिसादात गेटवाले मुद्दाम करतात असा सूर वाटला म्हणून दुसरी बाजू लिहिते.

आम्हाला विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंत अर्धा तास मिळायचा. त्यात उतरणारे उतरायचे, सफाई, मग चढणारे. आम्ही माईकवर म्हणायचो फक्त झोन एक, की अख्खा हॉल उभा. पहिल्या दहा जणांत चार जण झोन तीनचे. त्यांना बाजूला उभं राहा म्हटलं की "अहो मॅडम एकच तर झोन पुढे आहे", "आमचे मिस्टर पुढे गेलेत", एक काका तर म्हणाले मी रिटायर्ड आहे. थांबवायला गेलं तर रांग अडते, नाही थांबवलं तर खरे झोन एकवाले आमच्यावर ओरडतात. अमेरिकनने 2024 मध्ये स्कॅनरलाच आवाज करायला लावलं, आधी घुसलात की मशीनच बोंबलतं, ते वाचून मला त्या स्टाफचा फार हेवा वाटला.

पण खरं सांगू का, आधी कोण गेलं याची आम्हाला फार फिकीर नसते. फिकीर असते ती न आलेल्यांची. चेक-इन करून बॅग टाकून माणूस लाउंजमध्ये झोपला आणि आलाच नाही तर त्याची बॅग विमानात ठेवून उडता येत नाही, ती पोटातून शोधून काढायची, शंभर बॅगांतून एक, टॅग बघत बघत. खाली लोडर आमच्या नावाने बोटं मोडतात. म्हणून ती नावं पुन्हा पुन्हा पुकारली जातात, हौस म्हणून नाही.

अजून एक. कप्पे भरले की शेवटच्यांच्या ट्रॉली बॅगा दारातून खाली पाठवायला लागतात. तेव्हा पॉवर बँक, लॅपटॉप काढून घ्या असं सांगावंच लागतं, सुटी बॅटरी खाली चालत नाही. एक ताई दारातच बॅग उघडून खाली बसल्या, पॉवर बँक काही सापडेना, आधी गोळ्यांची पिशवी निघाली, मग चार्जरांचा गुंता, मग भाकरवडीची तीन पाकिटं, मग मुलाचा गणिताचा कंपास, मागे तीस माणसं उभी, आणि पॉवर बँक निघाली पर्समध्ये. पण त्यांनी पाकीट फोडून आम्हाला भाकरवडी दिली, त्यामुळे माफ.

डॅलसकर

मी साउथवेस्ट या अमेरिकेतल्या विमान कंपनीच्या जुन्या पद्धतीबद्दल लिहितो कारण आता ती गेली. 1971 मध्ये उडायला लागल्यापासून त्यांच्याकडे सीट नंबर नव्हताच. ए, बी, सी असे ग्रुप आणि प्रत्येकात 1 ते 60 नंबर, गेटवर खांब असायचे त्यावर आकडे, आपल्या आकड्याजवळ जाऊन उभं राहायचं, लोक एकमेकांना विचारायचे तुमचा कितवा, माझा बी 32, मग तुम्ही माझ्या पुढे. आत गेल्यावर दिसेल ती रिकामी सीट आपली. चांगला नंबर हवा तर उड्डाणाच्या बरोबर 24 तास आधी फोन हातात घेऊन चेक-इनचं बटण दाबायचं, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अलार्म लावून दाबलंय.

आत गेल्यावर तर अगदी एसटी. एक जण आधी चढायचा आणि बाजूच्या दोन सीटवर जॅकेट, पुस्तक, पाण्याची बाटली टाकायचा. फक्त खिडकीतून रुमाल तेवढा टाकता येत नव्हता. मला हे आवडायचं बरं का, सगळ्यांची सुरुवात सारखी. श्रीमंतांसाठी ए 1 ते 15 राखून ठेवलेले असायचे तेवढं सोडा.

27 जानेवारी 2026 पासून त्यांनीही सीट नंबर आणि ग्रुप सुरू केले. बायकोला आनंद झालाय. मला नाही.

आदूची आई

लहान मूल असलं की आधी सोडतात याचा सगळ्यांना फार हेवा वाटतो, तो वाटू देऊ नका. दोन वर्षांचं पोर घेऊन आधी चढायचं म्हणजे बंद डब्यात चाळीस मिनिटं जास्त. बाहेर निदान काचेतून विमानं दाखवता येतात, पळवून पळवून दमवता येतं. आत गेलं की बेल्ट, पुढच्याच्या सीटला लाथा, पुढचा वळून बघणार, आपण कसनुसं हसणार, आणि अजून तर दारही लागलेलं नाही.

आमचं ठरलंय आता. नवरा दोन बॅगा आणि कार सीट घेऊन आधी जातो, सीट लावतो, पुसतो, बॅगा वर टाकतो. मी आणि आदू शेवटच्या पाचात. गेटवरच्या माणसाला आधी सांगून ठेवायचं की आम्ही एकाच बुकिंगवर आहोत, म्हणजे तो आमच्या नावाने पुकारा करत नाही.

बे एरियातून

थोडा नाजूक विषय. माझी आई दर उन्हाळ्यात मुंबईहून एकटी येते. चालायला ठणठणीत आहे, रोज सकाळी कट्ट्यापर्यंत फिरून येते. तरी आम्ही व्हीलचेअर मागवतो. कारण मध्ये फ्लाईट बदलायची, टर्मिनल बदलायचं, इमिग्रेशनवाला विचारणार किती दिवस राहणार, आईला इंग्रजी कळतं पण त्यांचा उच्चार कळत नाही. व्हीलचेअरवाला मुलगा तिला नेतो, फॉर्म भरून देतो, पहिल्यांदा विमानात बसवतो. आईला स्वतःलाच लाज वाटते, म्हणते "अगं लोक बघतात, बाई धडधाकट आणि बसलीये खुर्चीत." काय करणार?

रे: बे एरियातून

ताई, तुमची अडचण समजते पण मी दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या बाबांना पोलिओ झालेला, एक पाय बारीक, कॅलिपर लावून चालतात. मागच्या डिसेंबरला गेटवर खुर्च्याच शिल्लक नव्हत्या. समोर ओळीने बसलेल्यांपैकी निम्म्या काकू उतरताना आपल्या पायांनी बॅग ओढत चालत गेल्या, त्याही टकाटक. बाबा काही बोलले नाहीत, एरोब्रिजच्या उतारावर कठडा धरून सावकाश गेले. चढायला आधी सोडलं पण तिथवर जायचं कसं? अमेरिकेत 1986 च्या कायद्याने अपंगांना मदत मागायचा हक्क आहे, तिथे खुर्चीसाठी डॉक्टरचा कागद मागत नाहीत, आणि मागू नये असंच मलाही वाटतं, पण मग ज्याला नुसती सोबत हवी त्याने खुर्ची घेतली की कुणाची तरी जाते.

बे एरियातून

बरोबर आहे तुमचं. वाईट वाटलं वाचून.

ग्राउंड स्टाफ, माजी

यावर मध्ये बोलते. खुर्ची न मागता नुसती सोबत मिळू शकते, बऱ्याच कंपन्या वयस्कर, एकट्या, भाषेची अडचण असलेल्या प्रवाशांना ती देतात, काही ठिकाणी पैसे पडतात. वेबसाईटवर शोधत बसू नका, बुकिंग झालं की फोन करून तिकिटावर नोंद करून घ्या. सगळे खुर्चीच मागतात कारण तो पर्याय पटकन दिसतो आणि फुकट असतो, आणि कुणी सांगत नाही.

इंजिनियर, आता काय करणार

विषय हलका करतो. विमान भरायची सगळ्यात वेगवान पद्धत कोणती याचं उत्तर सापडलेलं आहे, वापरत कुणी नाही. जेसन स्टेफन नावाचा खगोलशास्त्रातला माणूस, तेव्हा फर्मीलॅब या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्याने 2008 मध्ये यावर पेपर लिहिला. आपल्याला वाटतं मागच्या रांगांपासून भरत आणलं की पटापट होईल. होत नाही! 25 ते 30 रांगेतले सगळे एकाच वेळी एकाच बोळात बॅगा वर करत उभे, बाकीचे त्यांच्या मागे खोळंबलेले. एका वेळी एकच जण काम करतोय. त्याऐवजी एक आड एक रांगेतले खिडकीवाले आधी सोडले तर सगळे एकाच वेळी हात वर करून बॅगा टाकू शकतात, आणि मधला येतो तेव्हा खिडकीवाला बसलेला असतो, उठाबशी नाही. नंतर 72 माणसं घेऊन नकली विमानात करून पाहिलं, रांगांचे गट करून भरायला सात मिनिटांच्या आसपास, त्याच्या पद्धतीने साडेतीन-पावणेचार. आणि नुसतं कुणीही कसंही चढा म्हटलं तरी पाचच्या आत! म्हणजे आपली झुंबड गटांपेक्षा बरी.

युनायटेडने ऑक्टोबर 2023 पासून याचा सौम्य प्रकार आणला, इकॉनॉमीत आधी खिडकी, मग मधली, मग कडेची. एका बुकिंगवरचे लोक एकत्रच जातात म्हणून नवरा-बायकोची ताटातूट होत नाही. पण ते सगळं प्रायॉरिटीवाले चढून गेल्यावर.

डॅलसकर

मग पूर्ण का नाही करत?

इंजिनियर, आता काय करणार

कारण वेगाने चढवण्याचे पैसे प्रवासी देत नाही, दुसऱ्याच्या आधी चढण्याचे देतो.

डब्लिनला शिकतोय

युरोपातल्या स्वस्त विमानांत प्रायॉरिटी म्हणजे मुख्यतः मोठी बॅग वर न्यायची परवानगी, नाहीतर सीटखाली मावेल एवढीच पिशवी. मी एकदा घेतली. गेटवर ऐटीत आधी पास दाखवला, बाहेर सोडलं, आणि मग आम्ही सगळे प्रायॉरिटीवाले विमानाच्या शिडीवर पावसात वीस मिनिटं उभे, कारण आतली माणसं अजून उतरत होती. बिगर प्रायॉरिटीवाले काचेच्या आत कोरडे, आमच्याकडे बघत कॉफी पीत होते. नाव लिहीत नाही, तिथे राहणाऱ्यांना कळलं असेल.

शेवटचा माणूस

मी कायम शेवटी चढतो. पाठीवरची एक बॅग, ती समोरच्या सीटखाली. रांग संपेपर्यंत खुर्चीत बसून पेपर वाचतो. फक्त आपलं नाव पुकारायच्या आत उठायचं, भारतात गेट 20-25 मिनिटं आधी बंद होतं, तिथे ऐट चालत नाही.

खिडकीवाली

माजी ग्राउंड स्टाफ ताईंना प्रश्न. दारात बॅग काढून घेतली तर पैसे पडतात का?

ग्राउंड स्टाफ, माजी

कप्पे भरले म्हणून घेतली तर सहसा नाही. वजन किंवा साइज जास्त म्हणून घेतली तर पडतात, आपल्याकडे डोमेस्टिकला 7 किलोची मर्यादा असते आणि काटा गेटवरही आणतात. टॅगचा तुकडा टाकून देऊ नका. आणि पुढे कनेक्शन असेल तर एवढं नक्की विचारा की बॅग उतरताना विमानाच्या दारात मिळणार की शेवटच्या गावाच्या बेल्टवर. अमेरिकेत छोट्या विमानांची बरेचदा दारातच परत देतात, तिथे न थांबता लोक निघून जातात आणि मग बेल्टवर शोधत बसतात.