मदत हवी आहे: केमो डे-केअरमधल्या संवादाचं कोडिंग, नातेवाईक बोलले तर काय करायचं?

नाशिकच्या एका कॅन्सर रुग्णालयातल्या डे-केअरमध्ये सिस्टर आणि पेशंट यांच्या संवादाचा अभ्यास चालू आहे. एथिक्स कमिटीची मान्यता आणि संमतीपत्रं झाली आहेत. फक्त ऑडिओला परवानगी आहे, त्यामुळे 'चेहऱ्यावरून कळेल' हा सल्ला बाद. कोडिंगसाठी, म्हणजे कोणतं वाक्य कोणत्या प्रकारात बसतं ते नोंदवायला, व्हीआर-कोड्स (VR-CoDES, पेशंटच्या त्रासदायक भावना आणि त्यांना मिळालेला प्रतिसाद टिपायची पद्धत) वापरतोय: भावना स्पष्ट बोलून दाखवली तर कन्सर्न, नुसती सूचित केली तर क्यू. दोघे कोडर स्वतंत्रपणे काम करतात. कप्पा (kappa, दोन कोडरांचं कितपत जुळतं याचं माप) घसरतो तो क्यूवरच.

पहिली अडचण झोपेची. "रात्री डोळाच लागत नाही, ताई" हे शारीरिक लक्षणातून भावना सुचवणारं, म्हणून क्यू. पण केमोआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असतं आणि त्यानेही झोप उडते. मागचं-पुढचं वाक्य आणि आवाजाचा सूर धरून ठरवायचा नियम केला. थोडा फरक पडला.

खरी पंचाईत दुसरी. सुरगाणा, पेठकडून येणाऱ्या पेशंटसोबत मुलगा किंवा सून असते आणि निम्मं बोलणं तेच करतात. "आई घाबरल्यात, पण बोलत नाहीत" हे सून म्हणते, आई गप्प. काही जणांना तर आजाराचं नावच घरच्यांनी सांगितलेलं नसतं. नातेवाइकांची वाक्यं वगळून पाहिली, तर सिस्टरचं उत्तर कशाला होतं तेच हरवतं.

मराठी संवादावर हे काम केलेल्यांना विचारायचंय: सुनेचं असं वाक्य पेशंटचा क्यू धरता, की नातेवाइकाचा वेगळा कोड देता? आणि वेगळा दिलात, तर सिस्टरने सुनेला दिलेला प्रतिसाद विश्लेषणात कुणाच्या खात्यावर टाकता?